अंजनीवरची शेवटची फांदी

दुपारचा डबा संपवून मृणाल हेर्लेकर सूक्ष्मदर्शकाशेजारीच टेबलावर डोकं टेकते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. कॉलेजची प्रयोगशाळा रिकामी आहे. डोळे मिटले तरी मघाची गाठ दिसत राहते: अंजनीच्या झाडाच्या फांदीवर उठलेली, सुपारीएवढी, टणक. पात्यानं कापली तेव्हा आत खवले किडीची मादी होती, बिनपायांची, मेणासारखी पिवळट. झाड एकदा तिच्याभोवती वाढलं की ती जन्मभर बाहेर येत नाही. ही जात आजवर कुणी नोंदवलेली नाही. शोधनिबंध संध्याकाळी पाठवायचा आहे.

"गावली म्हनायची," समोरच्या स्टुलावरून कुणीतरी म्हणतं.

स्टुलावर धाकू झोरे बसला आहे. दाजीपूरच्या रानात तिला झाडांवरून फांद्या काढून देणारा पन्नाशीचा धनगर. ऑक्टोबरात याच अंजनीवरून पडून तो गेला. मृणालला हे ठाऊक आहे, तरी ती त्याला चहा विचारते.

"नको," तो म्हणतो. "चला, उशीर हुईल."

दार उघडून ती व्हरांड्यात येते आणि पाय घोटाभर गार पाण्यात बुडतात. वर्गांच्या पाट्या झाडांच्या बुंध्यांवर ठोकलेल्या आहेत. धाकू पुढे चालतो. पाणी त्याच्या पायांनी हलत नाही.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा."

"त्या दिशी मी पिऊन आलो व्हतो का?"

"नाही."

"गावात म्हंत्यात, झोरे पिऊन चढला. माजी बायकू लगमा पाण्याला गेली की बायका गप हुत्यात."

"मी असं कुणालाही म्हटलं नाही."

"मग काय म्हनलासा?"

अंजनीखाली पोलीस चौकीतलं टेबल मांडलेलं आहे. त्यावर एकच कागद. 'नको म्हटलं असतानाही सदर इसम स्वतःहून झाडावर चढला.' अक्षर हवालदाराचं, सांगणं तिचं. खाली तिची सही आहे.

"वाचून दावा की," धाकू म्हणतो. "मला अक्षर येत न्हाई."

ती कागद पालथा घालते. तो वाट बघत उभा राहतो. त्याच्या चेहऱ्यावर राग नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटते.

"मी म्हनलो व्हतो, साल वली हाय, पाय ठरत न्हाई. तवा तुमी काय म्हनलासा?"

"आणखी एकच फांदी."

"व्हय. मग आता तुमी चढा."

ती नाही म्हणत नाही. बुंध्याला मिठी मारून वर सरकू लागते. साल निघून हाताखाली येते. खाली बघितलं की धाकू लहान होत गेलेला दिसतो, मान वर करून, त्या दिवशी तिनं धरला होता तसाच कपाळावर आडवा हात धरून.

"पुरे आता," ती म्हणते.

"आनखी एकच फांदी," तो खालून म्हणतो. तिनं म्हटलं होतं तितक्याच सहज.

ती हात लांबवते. फांदीवर गाठीच गाठी आहेत. बोटं त्यांना लागतात न लागतात तोच पाय सुटतो.

टेबलाची कड गच्च धरून ती जागी होते. पंखा फिरतो आहे. तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. हात झोंबतात म्हणून ती बघते. दोन्ही हात आतल्या बाजूनं, मनगटापासून कोपरापर्यंत खरचटलेले आहेत. रक्ताचे बारीक थेंब वर येत आहेत.

ती कितीतरी वेळ त्या ओरखड्यांकडे बघत राहते. मग फोन उचलते. 'धाकू झोरे' हे नाव अजून पुसलेलं नाही. पलीकडे त्याची बायको फोन घेते.

"लगमाबाई, मी कॉलेजातली हेर्लेकर. ते प्यालेले नव्हते. ते नको म्हणत होते, मीच त्यांना चढायला लावलं. चौकीत मी खोटं सांगितलं."

पलीकडे हंडा खाली ठेवल्याचा आवाज येतो.

"मला म्हाईत हाय," लगमाबाई म्हणते. "मला सांगून काय उपेग? गावात यून सांगा."

"उद्या सकाळी येते."

"उद्या कशाला? साडेचारची यष्टी हाय की."