मोबाइलवरून पाहिलेला जिना

साथीच्या त्या वर्षी इथल्या सरकारी माणसांनी घराबाहेर पडणं सोडलं. म्हणजे आमच्या घरापर्यंत येणं सोडलं. शनिवारच्या बाजारात सॉसेजच्या रांगेत ती खुशाल उभी असत.

फ्रँकफुर्टजवळच्या एका लहान गावात आमचं घर आहे. खाली गॅरेज, वर राहती जागा, मध्ये सोळा पायऱ्या. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून त्या वरच अडकल्या होत्या. वर्षभरात खाली आल्या त्या फक्त डॉक्टरकडे जायला, त्याही दोन माणसांनी खुर्चीसकट उचलून. म्हणून आम्हाला बागेच्या बाजूने बाहेरून छोटी लिफ्ट लावायची होती. शेजाऱ्याच्या हद्दीपासून अंतर कमी पडतं, असं सांगून बाउआम्टने, म्हणजे बांधकाम खात्याने, परवानगी नाकारली. आम्ही अपील केलं. बाईंना जिना खरोखरच उतरता येत नसेल तर सूट देता येईल, असं अपील समितीचं म्हणणं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं होतं, पण समितीला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं आणि डोळे घेऊन कोणी यायला तयार नव्हतं. उघड्या बागेत चार हात लांब उभं राहिलं असतं तर काय झिजले असते? तर नाही. सुनावणी व्हिडिओवर, आणि जागेची पाहणीही आमच्याच मोबाइलवरून.

आता माझी अक्कल ऐका. साहेब बघणार म्हणून आदल्या दिवशी मी घर घासूनपुसून लख्ख केलं. जिन्याच्या वरच्या तोंडाशी असायचा तो वॉकर आणि कमोडची खुर्ची सामानाच्या खोलीत ढकलली. चारचौघांना काय दाखवायचं ते! मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तशी फुलदाणीसुद्धा मांडली. वीस वर्षं या देशात काढून हे शहाणपण.

"अहो आई, तुम्ही खुर्चीतून हलू नका," मी बजावलं.

"साहेब येणारेत ना?"

"येत नाहीयेत. फोनवरून बघणारेत."

"म्हणजे आलेच की," असं म्हणून त्यांनी मला काठपदराची साडी काढायला लावली. जन्मभर मुख्याध्यापिका होत्या. शाळा तपासायला आलेल्या साहेबांना त्या कधी बसून भेटल्या नव्हत्या.

सकाळी दहाला पडद्यावर तिघं उगवली. अध्यक्षांचं नुसतं कपाळ दिसत होतं, एक बाई काहीतरी चावत होत्या, आणि तिसऱ्याने कॅमेराच बंद ठेवला होता. नवरा टेप धरून बागेत उभा, मी फोन धरून. हद्द दाखवा, भिंत दाखवा, झाड दाखवा, असं करत त्यांनी आम्हाला पंचवीस मिनिटं नाचवलं. मग ते कपाळ म्हणालं, "आल्झो, तर आता जिना दाखवा. खालून."

मी दार उघडून फोन वळवला. सासूबाई शेवटच्या तीन पायऱ्यांवर होत्या. आम्ही बागेत गेल्या गेल्या निघाल्या असणार. कठडा धरून त्या तीनही पायऱ्या उतरल्या, ताठ उभ्या राहिल्या आणि फोनला हात जोडून म्हणाल्या, "गुटन टाग."

"वुंडरबार!" कपाळ खूश झालं. "छान चालतंय की!"

"वरच्या तेरा पायऱ्यांना किती वेळ लागलाय, पाय कसे थरथरतायत बघा तरी," मी सांगू लागले. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे बरोबर, बरोबर, असं ते म्हणाले, पुढची पाहणी सुरू व्हायची वेळ झाल्याचं सांगितलं आणि पडदा काळा झाला. तशा सासूबाई मटकन पायरीवर बसल्या. त्यांना वर न्यायला आम्हा दोघांना पाऊण तास लागला. एकेका पायरीवर बसत, उलट्या सरकत त्या चढल्या. तेव्हा बघायला कोणी नव्हतं.

तीन आठवड्यांनी निर्णयाचं पत्र आलं. पाहणीच्या वेळी बाई कोणाच्याही मदतीशिवाय जिना उतरताना दिसल्या, जिन्यापाशी चालण्याचं कोणतंही साधन आढळलं नाही, सबब अपील फेटाळण्यात येत आहे. निर्लज्ज, आळशी, खुर्चीला चिकटलेली माणसं! स्वयंपाकघरात मी त्यांच्या नावाने यथेच्छ तोंडसुख घेतलं. पण वॉकर लपवणारे हात माझेच होते, आणि त्या रागाला कुठे जागा मिळेना.

"काय लिहिलंय गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"तुम्ही कोणाच्या मदतीशिवाय जिना उतरलात, असं लिहिलंय."

त्यांचा चेहरा उजळला. चष्मा लावून त्यांनी ती ओळ दाखवायला सांगितली. मी दाखवली. न कळणाऱ्या त्या जर्मन अक्षरांवरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं.

"बघ, लिहावं लागलं ना त्यांना," त्या म्हणाल्या. "मग लिफ्ट कधी लावणार?"