बाबांचा वर केलेला हात

मी माजरी सोडली त्या दुपारी आमचा ऑटो अडवला तो बाबांनीच.

कोळशाच्या खाणीत सुरुंग उडवायच्या आधी भोंगा होतो आणि जवळच्या रस्त्यावर दोन्हीकडे माणसं लाल झेंडी घेऊन उभी राहतात, हे माजरीच्या लोकांना सांगायला नको. माझ्यासारखी दूर जाऊन बसलेली बाकीची मंडळी हे वाचतील, त्यांच्यासाठी सांगते. बाबांचं काम तेच होतं. सकाळी आईने दोनदा विचारलं, स्टेशनपर्यंत येता का. "ड्यूटी आहे," एवढं बोलून ते डबा घेऊन निघून गेले.

दुपारी मी आणि आई ऑटोत बसलो आणि वळणावर भोंगा झाला. समोर बाबा. एका हातात झेंडी, दुसरा हात वर. ऑटोवाल्याने इंजिन बंद केलं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते माझ्या डोक्यावरून पलीकडच्या बाभळीकडे. गाडी चुकेल म्हणून जीव टांगणीला लागला होता, आणि खरं सांगू, चुकावी असंही वाटत होतं. धडाका झाला. जमीन हलली, ऑटोची काच थरथरली. दुसरा भोंगा झाल्यावर त्यांनी हात खाली केला आणि बाजूला झाले. झाला निरोप.

त्यांच्या रागाला कारण होतं. त्यांची गायन पार्टी होती. तालीम बुद्धविहारात, आणि जयंतीच्या दिवसांत भद्रावतीपासून थेट अहेरीपर्यंत कार्यक्रम. मी शाळेत होते तेव्हापासून पार्टीचा मुख्य गळा माझा. आणि ऐन जयंती तोंडावर आलेली असताना मी बंगळूरला कस्टमर केअरची नोकरी धरली. "गाणं का पोट भरायसाठी असते? मान वर करून जगायसाठी असते," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तू जाऊन राह्यली. जयंतीले कोण गाईन?" मी बॅग भरत राहिले.

त्यांच्या तालमीची एक रीत होती. तालीम बाबांच्या सुटीच्या दुपारी असायची आणि हमखास मध्येच भोंगा व्हायचा. बाबा हात वर करत. पेटी, ढोलक, खंजिरी, सगळं जागच्या जागी थांबे. "भोंगा झाला का माणूस जिथी आहे तिथी थांबते." खाणीतला हा नियम त्यांनी गाण्यालाही लावला होता. कुणी हूं की चूं करायचं नाही, पण ताल ज्याने त्याने मनात धरून ठेवायचा. धडाका व्हायचा, विहाराच्या खिडक्या वाजायच्या, बाबांचा हात खाली यायचा आणि सगळ्यांनी समेवर एकदम उचलायचं. एखादा मागेपुढे झाला की बाबा पेटी मिटून घरी. लहानपणी मला हा निव्वळ छळ वाटायचा.

बंगळूरला ऑफिसच्या एका कार्यक्रमात गायले आणि तिथून एका जॅझ-फंक बँडने मला उचललं. ते काय असतं, असं आई अजून विचारते. सॅक्सोफोन तिला ठाऊक आहे, वरातीत वाजतो तो. बेस गिटार कानापेक्षा पोटात वाजते. ड्रम्स असे, की पाय गप्प बसत नाहीत. या सगळ्यांच्या पुढे माइक धरून उभी मी, इंग्रजी-हिंदीची खिचडी गाते.

पहिलाच शो एका मॉलमध्ये होता. गाणं रंगात आलं आणि बाहेरून अग्निशामक दलाची गाडी सायरन वाजवत गेली. मी ओळीच्या मधोमध थांबले. हात वर. बँड जरा पुढे गेला, मग एकेक जण अडखळत गप्प झाला. सगळीकडे चिडीचूप, आणि मी धडाक्याची वाट बघतेय! मॉलमध्ये! सायरन दूर गेल्यावर भानावर आले. लाजेने कान तापले होते, पण मनातला ताल सुटला नव्हता. हात खाली आणला आणि ओळ होती तिथून उचलली. जोएल, आमचा ड्रमर, नेमका माझ्याबरोबर आला. लोक वेड्यासारखे ओरडले. त्यांना वाटलं, बसवलेलंच आहे.

मग आम्ही ते खरंच बसवलं. आज बँडची ओळख त्या थांब्याने आहे. ही आयडिया कुठली, असं लोक विचारतात आणि मी हसून वेळ मारून नेते. बाबांनी मात्र आमचं एकही गाणं धड ऐकलं नाही. आईने फोनवर लावलं की ते अंगणात जात. एकदाच म्हणाले, "पोट्टी गाऊन राह्यली का भांडून राह्यली, समजतच नाई."

या हिवाळ्यात आम्हाला चंद्रपूरहून बोलावणं आलं. बाबा रिटायर झाल्यावर माजरीचं क्वार्टर सोडून दोघं तिथेच राहायला गेलेत. खाणमजुरांवर बाबांनी रचलेलं गाणं मला बँडबरोबर गायचं होतं. फोन करून परवानगी मागितली. बाबा म्हणाले, "येऊन पाहीन. नाई पटलं तं उठून जाईन."

बाबा खरंच उठून जातात. भल्याभल्यांच्या कार्यक्रमातून गेलेत. चंद्रपूरकरांसमोर ते माझ्या गाण्यातून उठले असते, तर ते गाणं मी पुन्हा तोंडात घेतलं नसतं, आणि त्यांच्या दारात पाऊल टाकायची हिंमतही उरली नसती.

त्या संध्याकाळी ते पहिल्या रांगेत होते. पांढरा सदरा, शेजारी आई, पलीकडे पार्टीतले ढोलकवाले काका. पहिलं कडवं झालं, बाबांची मान हलली नाही. दुसऱ्या कडव्याला ते वाकून पायाने चप्पल शोधू लागले. तेवढ्यात थांबा आला आणि बँड गप्प झाला.

बाबा उठले.

आईने सदरा ओढला. ते फाटकाकडे वळले नाहीत. जागच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

आमचा थांबा एवढासा असतो. तो संपला, तरी हात वरच. जोएलची काठी हवेत, डोळे माझ्यावर. मी मानेनेच नको म्हटलं. मागे कुजबुज सुरू झाली, कुणीतरी शिटी मारली. ढोलकवाल्या काकांचं बोट गुडघ्यावर ताल धरून होतं. भोंगा नव्हता, धडाका होणार नव्हता. आणि बाबा या वेळी बाभळीकडे नाही, सरळ माझ्याकडे बघत होते.

हात खाली आला. मी समेवर उचललं, सगळा बँड माझ्याबरोबर. जोएल तेवढा केसभर आधी.

घर कुठलं, असं बंगळूरला कुणी विचारलं की मी माजरी सांगायचे आणि सांगताना खोटं वाटायचं, कारण त्या क्वार्टरमध्ये आता दुसऱ्याचे कपडे वाळतात. हल्ली तसं वाटत नाही. तो हात ज्यांना कळतो, त्यांच्यात मी घरीच असते.

कार्यक्रमानंतर बाबा स्टेजमागे आले. माझं कौतुक नाही, काही नाही. जोएलकडे बघून म्हणाले, "हा पोट्टा घाई करते. जयंतीले घेऊन ये त्याले. थांबायले शिकवतो."

मग माझ्याकडे न बघता, "तू तं येशीनच."