झाकणातला खड्डा

लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडली की मला तो जपानी डबा आठवतो. आम्ही परदेशात राहत असताना तिथल्या मरीन परेड भागात, जुन्या वस्तूंच्या दुकानात घेतला आणि घरी येईल त्याला सिगारेटची पेटी म्हणून ऐटीत दाखवला. ॲल्युमिनियमचा, चपटा, हलका. फक्त झाकणाला आतून मधोमध खरखरीत खड्डा. तो घालवायला मी पॉलिशपेपर घेऊन बसलो आणि हात दुखायला लागल्यावर लगेच उठलो. संध्याकाळी शेजारच्या जपानी आजी चहाला आल्या. त्यांनी झाकण उलटं केलं, खड्ड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “हा शाळेचा जेवणाचा डबा. आई भाताच्या मधोमध खारवलेलं आंबट आलुबुखार ठेवायची. रोज तिथेच. त्याचा आंबटपणा झाकणाचा पत्रा खातो. माझ्याही डब्याला असाच खड्डा होता. तो डबा हरवला.” मी थक्क झालो. कुणा आईचा हात इतकी वर्षं त्या जागेवरून हलला नव्हता, आणि ती खूण मी पुसायला निघालो होतो. डबा आजींकडेच राहू दिला. त्या गेल्यावर बायको म्हणाली, “अहो, तुमचा आळस आज पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडला.”