इफ्ताहाच्या झग्याची शिवण

स्टुडिओच्या कपडेखोलीत तिला सगळे मावशी म्हणत. नवरा गेल्यावर सासूने तिला शिवणाला बसवलं, तेव्हा शिकवण एकच दिली: "शेवटच्या टाक्याला गाठ दोनदा. एक कापडासाठी, एक आपल्या अब्रूसाठी." सासू गेली, गाठ राहिली. मावशीने शिवलेलं एक वेळ विरेल, पण उसवणार नाही, असं तिथले लोक म्हणत.

घरी ती आणि लेक, दोघीच. जन्मल्यावर पोर इतकी कर्कश रडली होती की मामाने तिला पिपाणी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. पुढे त्याच गळ्यातून जे निघायला लागलं, ते ऐकून मामाच ओशाळला. "नाव बदलायला हवं होतं गं. पण आता तोंडात बसलं."

पिपाणी कॉलेजात जायला लागली त्या वर्षी बायबलमधल्या इफ्ताहाच्या गोष्टीवर संगीतमय सिनेमा निघाला. इफ्ताह लढाईला जाताना देवाला नवस बोलतो की जिंकून परतलो तर माझ्या दारातून जे पहिलं सामोरं येईल ते तुला वाहीन. जिंकतो, परततो, आणि दारातून गात-नाचत येते ती त्याची एकुलती एक मुलगी. तो अंगावरचा झगा फाडतो. दिलेला शब्द मात्र मागे घेत नाही.

मुलीच्या कामासाठी दिग्दर्शकाने ढीगभर मुली पाहिल्या. एकीला चेहरा होता तर सूर शेजारच्या गल्लीत, दुसरीला सूर होता तर चेहरा दगडाचा. वैतागून तो कपडेखोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसला. मावशी दाराशी सांडलेल्या टाचण्या वेचत होती.

"मावशी, आता या दारातून जी पहिली बाहेर येईल तिलाच घेतो."

"आत जाऊन मीच बाहेर येते मग. दोन दात कमी आहेत, चालवून घ्या."

तेवढ्यात दार उघडलं. सिनेमातल्या मुलीच्या झग्याची उंची बघायला मावशीने लेकीलाच तो घालायला लावला होता. पिपाणी गुणगुणतच बाहेर आली. सगळे हसले. दिग्दर्शक हसला नाही.

सिनेमाचं गाणं आधी रेकॉर्ड होतं. चित्रीकरणाच्या वेळी ते कर्ण्यावर मोठ्याने लावतात आणि नट त्यावर ओठ हलवतात. पिपाणीने गाणं दिलं, वादक उठून उभे राहिले. पण त्यानंतर तिचा घसा बसला तो सुटेना. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. "ऑपरेशन होईपर्यंत बोलणंसुद्धा मोजकं. गाणं तर अजिबात नाही. एकदा ताण पडला तर पुढचं मी सांगू शकत नाही."

मावशी दिग्दर्शकाकडे गेली. "साहेब, दुसरी मुलगी बघा."

"अहो, आवाज तर आपल्या हातात आलाय. तिने नुसते ओठ हलवायचेत."

"आई, नाही म्हणू नकोस ना," सोबत आलेली पिपाणी कुजबुजली. मावशीने शब्द दिला.

चित्रीकरणाच्या दिवशी मावशीचं काम वेगळंच होतं. इफ्ताहाचा झगा छातीवर एका ओढीत फाटायला हवा, म्हणून तिथे नुसता सैल धावदोरा, शेवटी गाठ नाही. दर वेळी झगा फाटला की मावशीने पुन्हा तसाच दोरा घालायचा.

पहिल्या खेपेनंतर दिग्दर्शक कॅमेऱ्याजवळच्या छोट्या पडद्याकडे बघत राहिला. "गळा मेलेला दिसतोय. गाताना शीर ताणते, छाती भरते. नुसत्या ओठांनी बाहुली वाटते. खरं गाऊ दे तिला."

"डॉक्टरांनी..."

"एकदाच, मावशी."

पिपाणीने आधीच होकाराची मान डोलावली होती.

एकदा दिवा गेला. एकदा बापाचं काम करणारा नट वेळेआधी वळला. दर वेळी मावशी त्याच्यासमोर उभी राहून शिवत होती. "हळू हो, सुई टोचून मारायचं गोष्टीत नाहीये," तो पहिल्यांदा म्हणाला. दारामागून लेकीचा खोकला येत होता. हे जितकं लवकर आटपेल तितक्या लवकर पोर तोंड मिटेल, एवढंच मावशीला कळत होतं. हात आपसूक चालले होते. कान खोकल्यावर होता.

पुढच्या खेपेला सगळं जुळलं. कर्ण्यातल्या आवाजाखालचा खरा आवाज मावशीला वेगळा ऐकू येत होता. झिजलेला, पण टिकून. नट वळला, मुलीला पाहिलं, दोन्ही हात छातीशी नेऊन झगा ओढला. फाटला नाही. पुन्हा ओढला. शिवण हलली नाही.

दिग्दर्शकाने थांबवलं. मावशीने जाऊन झग्याची कड उलटली. शेवटच्या टाक्याला गाठी होत्या. दोन.

तिने त्या कापल्या, दोरा ओढून काढला. "साहेब, आता नको तिला."

"सगळं जुळलं होतं हो," तो म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, ती भांडली तरी असती.

पिपाणी आपल्या जागी परत गेली होती. सुई मावशीच्या हातात होती. ती खाली ठेवली असती तर झगा तसाच उघडा राहिला असता आणि दिवस तिथेच संपला असता. तिने दोरा ओवला.

या खेपेला झगा हवा तसा फाटला. वरच्या सुराला पिपाणीने तोंड उघडलं आणि आतून नुसती खरखर आली. कर्णा गातच होता, त्यामुळे ती फारशी कुणाला ऐकू गेली नाही. दिग्दर्शक म्हणाला, "झकास."

ऑपरेशन झालं. आवाजाच्या जागी श्वास उरला. घरात आईला हाक मारायची तर लेक टाळी वाजवते. मामा आला की तिला 'बाळा' म्हणतो. जुनं नाव कुणी घेत नाही.

सिनेमा लागला तेव्हा दोघी मागच्या रांगेत बसल्या. दार उघडलं, गाणं सुरू झालं, आसपासचे लोक डोळे पुसू लागले. मावशी चेहरे बघतच नव्हती, इफ्ताहाच्या छातीवरची शिवण बघत होती. ती फाटल्यावर तिने शेजारी पाहिलं. लेकीचे ओठ गाण्याबरोबर हलत होते, शब्दाला शब्द. गळ्याची एकही शीर ताणलेली नव्हती.