रुमालाखालचे गुण

माझ्या मुलीला नववीत मराठीच्या तोंडी परीक्षेत कमी गुण पडले, तेव्हा मी आंब्याच्या पेट्या अर्धवट भरलेल्या टाकून शाळेत गेलो. गुण का कापले ते मला आधीच ठाऊक होतं: आमचा कोकणी हेल. मी शाळेत असताना घाटावरच्या एका गुरुजींनी माझ्या हेलाची नक्कल करून वर्गाला हसवलं होतं आणि तोंडीत जेमतेम पास केलं होतं. पुढे त्याच हेलात घासाघीस करून मी धंदा उभा केला, पण तो राग गेला नाही.

मराठीच्या बाई ‘बसा’ म्हणायच्या आत मी सुरू झालो. पोर आपल्याकडचं बोलते म्हणून गुण कापता काय? हेलाचे गुण कापत नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या. मी म्हटलं, गुण वाढवा, नाहीतर परीक्षा परत घ्या. वाढवणार नाही, परत घेते, म्हणाल्या.

मग मी अट घातली. आमचे जुने व्यापारी रुमालाखाली हातात हात धरून बोटांनी भाव सांगतात, म्हणजे एकाचं बघून दुसरा बोली लावत नाही. तसंच दुसऱ्या तुकडीच्या बाईंनीही ऐकावं, दोघींनी गुण वेगवेगळे लिहावेत आणि कागद पालथे ठेवावेत. बाईंना ते आवडलं.

शनिवारी मला मागच्या बाकावर बसू दिलं. दोघी-दोघींनी बोलून सहलीचं ठिकाण ठरवायचं होतं. जोडीदारीण ‘संगमेश्वर’ म्हणेपर्यंत आमच्या पोरीने गुहागर, गाडी, डबे सगळं ठरवून टाकलं. मला अभिमान वाटला.

कागद उलटले. दोन्हींवर गुण सारखे, आणि पहिल्याइतकेच.

“बोलते छान,” दुसऱ्या बाई म्हणाल्या, “पण समोरचीचं ऐकते कुठे? हे संभाषण आहे, भाषण नव्हे.”

“मग गुण कशाकशाला देता ते पोरांना आधी सांगायला नको?” मी म्हटलं. “पहिली-दुसरी प्रत कशी लावणार ते न सांगता मी कुणाचा आंबा नाकारत नाही.”

आमच्या बाई खडू घेऊन उठल्या. त्यांनी गुण कशाकशाला, ते फळ्यावर लिहिलं. ऐकणं सगळ्यात वर. आठवड्याने साऱ्या वर्गाची परीक्षा पुन्हा घेते म्हणाल्या.

घरी सरावाला जोडीदार मी. दुसऱ्याच दिवशी पोर वैतागली.

“बाबा, तुम्ही जरा श्वास घ्या. मी ऐकलं हे दाखवायला मला बोलावं लागेल ना?”

पुढच्या खेपेला कागद उलटले तेव्हा दोन्हींवर गुण वाढलेले होते. माझ्या वेळी दुसरे गुरुजी ऐकायला असते तर, हे मात्र मी अजून दर सीझनला कुणाला ना कुणाला ऐकवतो.