सरांचं कार्ड नव्या बँकेत गेलं त्याची गोष्ट

डिचोलीच्या आमच्या वाड्यावर घरं चौदा आणि क्रेडिट कार्ड एकच. त्यामुळे किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. सोप्यावर तांदूळ निवडत बसलं की आपोआप साचतात. लोक मला चौकस म्हणतात. म्हणोत बापडे!

कार्ड नाईक सरांचं. शाळेतून रिटायर झालेले, लग्न केलेलं नाही, घरात ते आणि विधवा बहीण शालूताई. कुणाला फ्रीज घ्यायचा असला की सरांचं कार्ड वापरायचं आणि रोख त्यांच्या हातात ठेवायची. सरांना त्यात पॉइंट्स मिळायचे. शालूताईची मुलगी बंगळुरात, तिचे दिवस भरत आलेले. शालूताईचे गुडघे गेलेले, बस-रेल्वे जमत नाही. म्हणून सगळ्या पॉइंट्सचं विमानाचं तिकीट काढायचं ठरलं.

तेवढ्यात पत्र आलं. जुन्या बँकेने सगळी कार्डं दुसऱ्या बँकेला देऊन टाकली!

*

नवं कार्ड घेऊन कुरियरवाला आला तो माझ्याच दारात. सरांना सकाळी देवळाकडे जाताना मी पाहिलं होतं. म्हटलं, "बस रे, येतीलच."

बसला बिचारा तासभर. दोन कप चहा झाला, त्याच्या सासूचं ऑपरेशन सांगून झालं. शेवटी शालूताईने हाक मारली, "गे, कुरियर इलो काय बघ. सर कधीचे वाट बघतत!"

सर मागच्या दाराने केव्हाच घरी आले होते. माझ्या नजरेतून सुटलेला वाड्यावरचा हा पहिला माणूस!

*

नव्या कार्डाचा नंबर वेगळा, म्हणून जुन्या कार्डावरून दरमहा आपोआप भरली जाणारी वाड्याची बिलं, म्हणजे ऑटो-पे, बंद. हे आम्हाला एक तारखेला कळलं. अनिलचा टीव्ही गेला, सुमनचा फोन गेला, भजनीमंडळाच्या पेटीवाल्याचं इंटरनेट गेलं. सकाळी सकाळी अख्खा वाडा तोंडं पाडून सरांच्या अंगणात!

पाव घेऊन आलेला पोदेर सायकलवरून उतरला, टोपी काढली आणि मला हळूच म्हणाला, "काकी, सर कधी गेले?"

*

नवी बँक व्हेरिफिकेशनसाठी फोन करत होती. पण ओळख नसलेल्याला काही सांगायचं नाही, असं सरांनीच आम्हाला पढवलेलं.

"मॅडम, ओटीपी नको, फक्त पत्ता सांगा."

"चोर तरी आनी दुसरा काय विचारता?" शालूताईने फोन ठेवला. असं पाच वेळा!

मग मेसेज आला. आठ दिवसांत व्हेरिफिकेशन झालं नाही तर कार्ड बंद, पॉइंट्सही गेले. शालूताईने भरलेली बॅग उचलून माळ्यावर टाकली.

*

सातव्या दिवशी बँकेची मुलगी स्कूटरवरून आली. आयकार्ड मी बघितलं, लग्न झालं का तेही विचारलं, शालूताईच्या तिकिटाचंही सांगून टाकलं. मग सरांकडे नेलं. मागोमाग वाडाही आला.

तिने यादी वाचली. "सर, वर्षात तीन मिक्सर, नऊ दप्तरं, एक कवळी, एक पाळणा आणि गरोदरपणातले दोन गाऊन. ही सगळी खरेदी तुमचीच?"

सरांनी चष्मा पुसला. "खरेदी माझ्याच कार्डावर झाली."

"घरात माणसं किती?"

सरांनी आयुष्यात खोटं हजेरीपत्रक भरलेलं नाही. ते शालूताईकडे बघत राहिले, मग अंगणाकडे. "अनिल?" "हजर सर!" "सुमन?" "हजर!" एकेकाचं नाव घेत गेले. प्रत्येक जण हजर म्हणत गेला. पेटीवाला तर उभा राहून म्हणाला.

मुलीने पेन उघडलं, रकान्यात एकोणीस लिहिलं, सरांची सही घेतली. "पॉइंट्स परवापर्यंत दिसतील, ताई. तिकीट बघून ठेवा."

हेल्मेट घालता घालता ती माझ्याकडे वळली. "काकी, तुम्हाला धरलंय की राहिलात?"

"राहिले ना गो! वीस कर!"