खिडकीजवळची जागा

महाडातल्या माझ्या घराची कडप्प्याची फरशी घासायला पोलादपूरकडचा एक मिस्त्री आला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. पाय घसरू नये म्हणून मला चकाकी नको होती, मॅटच हवी होती.

मशीन लावण्याआधी तो उकिडवा बसला आणि उलट्या हातानं एकेक लादी चाचपत गेला. खिडकीजवळ थांबला. तिथं माणूस मांडी घालून बसेल एवढीच जागा चकाकत होती.

"हितं रोज कोण बसतं, बाई?"

"कोणी नाही. दोन वर्षं मी एकटीच राहते. आधीचं कुणी बसत असेल."

"जुनी चकाकी मरते. ही ताजी हाय."

त्यानं सगळी फरशी घासली, तेवढी जागा सोडून. माझा आवाज चढला, तर वायर गुंडाळत तो शांतपणे म्हणाला, "फरशीला ॲसिड लावू नका, दगड पांढरा पडतो. आन् हितं तर नायच. बसणाऱ्याला चटका बसंल."

मी रागानंच दार लावलं.

आता रोज साध्या पाण्यानं पुसते. बाकीची फरशी तशीच मॅट आहे; ती जागा मात्र आणखी उजळली आहे. तिथवर आले की माझा हात थांबतो आणि मी हळूच म्हणते, "जरा सरकून बसा."